गादी सरकली, पुढे काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरती झाली, प्रसाद झाला, आतून जेवणाचा वास यायला लागलाय. अशा वेळी भाषण करणं म्हणजे धाडसच. कार्यवाहांनी मला पस्तीस मिनिटं दिली आहेत. मी त्यांना म्हटलं, चाळीस मिनिटांच्या वर मला एका जागी उभं राहवतच नाही, तेव्हा निर्धास्त असा.

पहिलीच गोष्ट, मी डॉक्टर नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या एका खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, अजून तिथेच आहे. राहणार चोपडे, तालुका पेडणे. तुमच्यापैकी बहुतेकांची घरं मूळ सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीकडची, पण आता दोन-दोन तीन-तीन पिढ्या गोव्यात गेलेल्या, त्यामुळे चोपडे कुठे हे सांगायला नको. शिवोलीचा पूल ओलांडला की आमचं गाव. पूल नव्हता तेव्हा शापोरा नदी फेरीबोटीतून पार करायची. पुलानं वेळ वाचला, पण मोटरसायकलवर बसायचं अंतर वाढलं. वीस वर्षं चोपडे ते पणजी, पणजी ते चोपडे. माझ्या कमरेच्या दुखण्याचं एक कारण तेही असावं.

मला बोलवायचं कारण असं. गेल्या वर्षी इथेच महाप्रसादाच्या पंगतीत तिघांनी मला गाठलं. एकाच्या सासूबाईंना ऑपरेशन सांगितलेलं, दुसऱ्याचा स्वतःचा एमआरआय खिशात, तिसऱ्याला नुसतंच विचारायचं होतं, "तुम्ही केलं नाहीत ना ऑपरेशन? मग बरे कसे झालात?" त्या रात्री मी तिघांनाही उत्तर दिलं नाही, बोलणं टाळलं. त्याचं कारण आहे, ते नंतर सांगतो.

आधी माझी हकीकत. सहा वर्षांपूर्वीची चवथ. आमच्याकडे चवथीला माटोळी बांधायची असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. देवाच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट, आणि तिला फळं, रानातल्या वेली, सुपाऱ्यांचे आणि नारळांचे घड बांधायचे. आदल्या दिवशी संध्याकाळी मी वाकून नारळांचा घड उचलला आणि हात लांब करून वर भाईकडे द्यायला गेलो. भाई म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. एकत्र घर आहे आमचं. तो शिडीवर, मी खाली. कमरेत काहीतरी कट् झालं. दुखलंही फारसं नाही त्या वेळी. घड दिला, खाली बसलो, आणि मग उठता येईना.

घरात निदानं सुरू झाली. उसण भरली. वात आहे. चमक आहे, भाजलेल्या मिठाची पुरचुंडी लावा. तिसऱ्या दिवशी कंबर राहिली बाजूला आणि उजवा पाय पेटला. कुल्ह्यापासून मांडीच्या मागून पोटरीत, पोटरीतून करंगळीपर्यंत, विजेची तार सोडावी तसं. खोकलं तरी पायात कळ. देवासमोर घुमट वाजतंय, आरत्या चालल्यात आणि मी आतल्या खोलीत जमिनीवर उताणा, पाय खुर्चीवर ठेवून पडलेला. पाच दिवसांचा आमचा गणपती, विसर्जनाला मी खिडकीतूनच हात जोडले.

आता हे होतं काय, ते माझ्या भाषेत सांगतो. पुलाच्या खांबावर गर्डर थेट टेकवत नाहीत, मध्ये रबराचं बेअरिंग घालतात. भार पेलायचा, थोडं हलूही द्यायचं. मणक्यांच्या मधली गादी हे तेच काम करते. मानेपासून कमरेपर्यंत अशा २३ गाद्या. बाहेरून चिवट धाग्यांची कडी, थरावर थर, प्रत्येक थर उलट्या दिशेनं तिरका, आणि आत जेलीसारखा गर. लोक म्हणतात गादी सरकली. गादी सरकत नाही, ती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. कडी फाटते आणि आतला गर बाहेर येतो, आणि नेमका तिथूनच पायाकडे जाणाऱ्या नसेचं मूळ निघत असतं. नुसता दाब पडतो म्हणून दुखतं असंही नाही. तो गर नसेला झोंबतो, तिथे सूज येते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि भार किती? माझ्यासारख्यानं हिशेब केला नाही तर डिप्लोमा फुकट. नारळांचा घड धरा १५ किलो. हात लांब, म्हणजे कमरेच्या गादीपासून तो ४५ सेंटीमीटर पुढे. त्याला मागून तोलून धरणारे पाठीचे स्नायू गादीच्या मध्यापासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर. तरफेचा साधा नियम लावा. १५ गुणिले ४५ भागिले ५, म्हणजे १३५ किलोची ओढ, तीही केवळ घडासाठी. वाकलेल्या धडाचं वजन यात धरलेलं नाही. तोच घड पोटाशी धरून उचलला असता तर हा आकडा निम्म्यावर आला असता. हे मी कार्यालयात रोज तुळयांसाठी मोजत होतो, स्वतःसाठी एकदाही मोजलं नाही. अर्थात त्या एका घडानं गादी फाटली असं कुणी डॉक्टर म्हणणार नाही. ती वर्षानुवर्षं वाळत, चिरत आलेली असते. घड निमित्त झाला.

दुसऱ्या आठवड्यात एमआरआय झाला. कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांमधली गादी फुटून गर बाहेर आलेला. डॉक्टरी भाषेत एल-फाइव्ह एस-वन. कमरेच्या गादीची दुखणी बहुतांशी याच जागी किंवा हिच्या वरच्या एल-फोर एल-फाइव्हला होतात. रिपोर्ट घेऊन एका खाजगी रुग्णालयात गेलो. नाव सांगत नाही. तिथल्या तज्ज्ञांनी फिल्म दिव्यावर लावली, दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, बुधवारी ॲडमिट व्हा, गादी काढू, दोन्ही बाजूंनी स्क्रू घालू. मी पायानं चालू शकतो की नाही हे त्यांनी पाहिलं नाही. मी खुर्चीवर बसलो होतो, खुर्चीवरूनच उठून घरी आलो.

त्यांचं सगळंच चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या दोन मिनिटांनी मला वाचायला लावलं. फिल्मवर किती भरवसा ठेवायचा, याबद्दल १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग छापला. कंबर कधी दुखली नाही अशा ९८ माणसांचे एमआरआय काढले. त्यातल्या ५२ टक्के लोकांत निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. २७ टक्क्यांत तर ती चांगलीच पुढे आलेली. आणि ही सगळी ठणठणीत माणसं! म्हणजे इथे बसलेल्या चाळिशीपुढच्या सगळ्यांचे एमआरआय काढले तर निम्मे रिपोर्ट वाचून घरात रडारड होईल. रिपोर्टमधल्या 'डीजनरेशन' या शब्दाला घाबरू नका, केस पांढरे होतात तसंच ते. दुखणं ज्या नसेचं आहे तीच नस फिल्ममध्ये दबलेली दिसते का, एवढंच बघायचं असतं, आणि त्यासाठी आधी पाय तपासावा लागतो.

दुसरं मत घेतलं. हे डॉक्टर तरुण होते. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि मला चवड्यांवर चालायला लावलं. मग टाचांवर. आंगठा वर उचल म्हणाले आणि स्वतःच्या बोटानं खाली दाबला. घोट्यामागे हातोडीनं टक् केलं. सुई टोचून कुठे कळतं, कुठे नाही ते विचारलं. मग फिल्म. म्हणाले, "नस दबली आहे, पण ताकद शाबूत आहे. सहा आठवडे थांबता येईल. थांबायचं म्हणजे झोपायचं नाही. आणि रोज सकाळी हे चवडा-टाच करून बघायचं. त्यात फरक पडला तर त्याच दिवशी यायचं, सातव्या आठवड्याची वाट बघायची नाही."

ते शेवटचं वाक्य मी त्या वेळी नीट ऐकलं नाही. माझं त्यात काही बिघडलं नाही, म्हणून.

गादीमुळे पायात कळ येते हे वैद्यकशास्त्राला फार जुनं ठाऊक नाही. नसेवरचे ते गोळे म्हणजे कूर्चेच्या गाठी, असं समजून काढले जायचे. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी १९३४ साली दाखवून दिलं की ही गाठ नाही, हा गादीचाच फुटलेला तुकडा आहे. तेव्हापासून ऑपरेशनं वाढली. १९७०च्या दशकात सूक्ष्मदर्शक आला, छेद लहान झाला. पण ऑपरेशन करावं की थांबावं, याची नीट परीक्षा व्हायला १९८३ उजाडलं. नॉर्वेतल्या वेबर नावाच्या डॉक्टरांनी, ज्यांच्याबद्दल निर्णय दोन्ही बाजूंनी होऊ शकला असता असे १२६ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटले, काहींना ऑपरेशन, काहींना नाही. एका वर्षानंतर ऑपरेशनवाले स्पष्टपणे पुढे. चार वर्षांनी फरक नगण्य. दहा वर्षांनी जवळपास सारखेच.

२००७ साली नेदरलँड्समध्ये २८३ जणांवर असाच प्रयोग झाला. सहा ते बारा आठवडे पायाची कळ सोसलेले लोक. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन ठरवलं, निम्म्यांना थांबवलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना कळ सोसवली नाही, त्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलंच. पण वर्षाअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले, एवढाच मुख्य फरक.

याचं कारण ऐकून मला तर नवल वाटलं. बाहेर आलेला गर शरीराला परका वाटतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. आणि गंमत अशी की जेवढा तुकडा मोठा आणि सुटा, तेवढा तो विरून जाण्याची शक्यता जास्त. नुसती फुगलेली गादी तशीच राहते, फुटून सुटलेला तुकडा बहुतेकदा आटतो. फिल्मवर सगळ्यात भयंकर दिसणारं प्रकरणच कधीकधी सगळ्यात लवकर निवळतं. आणि झोंबणं, सूज आधी ओसरते, त्यामुळे तुकडा जायच्या आधीच कळ कमी होते.

मग त्या सहा आठवड्यांत करायचं काय? आपल्याकडे पहिला सल्ला असतो, आडवा हो, उठूच नको. सायटिकाच्या १८३ रुग्णांवर नेदरलँड्समध्येच १९९९ साली हे पाहिलं गेलं. दोन आठवडे अंथरुणात ठेवलेले आणि जमेल तसे हिंडलेले, बारा आठवड्यांनी दोन्हींत ८७ टक्के सुधारलेले. अंथरुणाचा काडीचा फायदा नाही. मी पहिले तीन-चार दिवस सोडले तर अंगणात दहा दहा मिनिटं चालत होतो, दिवसातून सहा वेळा. बसणं मात्र टाळलं. जेवणही उभ्यानं, ओट्यापाशी. आईला ते बघवत नव्हतं. "बसून जेव रे, मनुष्यासारखा," म्हणायची.

ट्रॅक्शनचं वजन लावून बघितलं, उतरवलं की परत तेच. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, महिनोन्‌महिने बांधला तर स्नायू आळशी होतात. गोळ्यांनी थोडं बरं वाटलं. नसेच्या कळेवर हल्ली सर्रास देतात ती प्रेगाबालिन. सिडनीत २०१७ साली तिची तुलना साध्या साखरगोळीशी केली, सायटिकात फरक आढळला नाही, चक्कर मात्र जास्त. तुमच्यापैकी कुणी ती घेत असेल तर माझं ऐकून एकदम बंद करू नका, ती डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायची असते. नसेच्या मुळाशी द्यायचं स्टिरॉइडचं इंजेक्शनही असतं. त्यानं गादी बरी होत नाही, काही आठवडे कळ दबते. काहींना तेवढाच अवधी पुरतो. मी घेतलं नाही, सुईची भीती, दुसरं काही कारण नाही.

कटीबस्ती मी केली. कमरेवर उडदाच्या पिठाचं पाळं करून त्यात कोमट तेल धरतात. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, गिधाडासारखी चाल होते म्हणून, आणि माझी चाल तेव्हा अगदी तशीच होती. आता तर आमच्या पेडण्यातच, धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था झाली आहे, २०२२च्या डिसेंबरात तिचं उद्घाटन झालं. मला कटीबस्तीनं आराम पडला, रात्री झोप लागायची. वैद्यांना मी विचारलं, तेल गादीपर्यंत पोचतं का? ते प्रामाणिक माणूस, हसून म्हणाले, स्नायू सैल होतात, तुम्ही हिंडू-फिरू लागता, बाकी काम शरीर करतं. हाडवैद्याकडे मात्र मी गेलो नाही. नस दबलेली असताना कंबर मुरगळून कडाड् वाजवून घेणं म्हणजे वाकलेल्या सळीला हातोडा मारण्यासारखं.

आठव्या आठवड्यात कळ निम्म्यावर आली. चौथ्या महिन्यात मोटरसायकल. आता सरळ व्यायाम, रोज चालणं, आणि नारळाचा घड पोटाशी धरून.

इथे भाषण संपलं असतं तर बरं झालं असतं. टाळ्या मिळाल्या असत्या. पण तीन वर्षांपूर्वी भाईची कंबर गेली.

भाई टेम्पो चालवायचा. स्वतःचा टेम्पो, भाडी मारायचा म्हापसा, पेडणे, बांदा. त्याच्या डाव्या पायात कळ सुरू झाली. आंगठ्याकडे बधिर. सगळ्या घरानं माझ्याकडे पाहिलं, कारण घरातला या विषयाचा जाणकार मी. मी भाईला डच लोकांचे आकडे सांगितले, ९५ टक्के. माझी फिल्म आणि त्याची फिल्म शेजारी धरून दाखवली. म्हटलं, घाई करू नको. तो म्हणाला, "तूं बरो जालो न्हय, हांवय जातलों." कटीबस्ती, चालणं, सगळं माझ्यासारखं.

पाचव्या आठवड्यात त्याची कळ एकदम कमी झाली. घरात आनंद. वहिनीनं देवाला नारळ ठेवला. फक्त एक झालं, त्याची डावी चप्पल चालताना पायातून निसटायला लागली. तो म्हणाला, चप्पल जुनी झाली. नवी घेतली. तीही निसटायची. शिडी चढताना पाय पायरीला अडकायचा. मी हे बघत होतो. रोज बघत होतो. आणि म्हणत होतो, कळ गेली ना, बाकी येईल हळूहळू.

शेवटी क्लच दाबून पाय परत उचलताना चुकायला लागला तेव्हा बांबोळीला नेलं. डॉक्टरांनी आंगठा वर करायला सांगितला. होईना. टाचांवर चालायला सांगितलं, डावं पाऊल फतकन खाली. त्यांनी विचारलं, "चप्पल कधीपासून सुटते?" भाई म्हणाला, तीन आठवडे झाले असतील. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मलाच तसं वाटलं.

नस दबून थकली की दुखणंही थांबतं. कळ कमी होणं आणि ताकद कमी होणं एकाच वेळी आलं, तर ते बरं होणं नव्हे. आणि मी ज्या डच प्रयोगाचे आकडे सांगत होतो, त्यात पायाची ताकद गेलेले रुग्ण घेतलेच नव्हते. मुद्दाम वगळले होते, कारण त्यांना थांबवणं योग्य नव्हे. ते त्याच लेखात लिहिलेलं होतं. मी निकाल वाचला, कुणावर प्रयोग केला ते वाचलं नाही.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा काढला, स्क्रू नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. उरलेली कळ गेली. पाऊल मात्र पूर्ण उचललं गेलं नाही. वर्षभरात बरंच आलं, पुढे थांबलं. आता बुटात प्लास्टिकचा स्प्लिंट घालतो. टेम्पो विकला. गिअर-क्लच नसलेली गाडी घेतली, ती चालवतो. वेळेत नेलं असतं तर पाय नक्की आलाच असता, असं कुणी डॉक्टर लिहून देणार नाही. मलाही कुणी दोष दिला नाही. भाईनं तर कधीच नाही.

म्हणून पंगतीत त्या तिघांना मी गप्प केलं. माझं बरं होणं हा त्यांच्यासाठी पुरावा नाही. आज बोलतोय ते एवढ्यासाठीच की कधी थांबायचं आणि कधी धावायचं यातला फरक माझ्यासारख्या अर्धवट वाचलेल्या माणसाकडून नव्हे, पाय तपासणाऱ्या डॉक्टरांकडून समजून घ्या.

धावायचं तेव्हा हे बघा. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावर ताबा राहिला नाही, सायकलच्या सीटवर बसतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडायला लागले, तर रात्र असो, चवथ असो, थेट मोठ्या रुग्णालयात. तिथे तासांचा हिशेब असतो, शक्यतो ४८ तासांच्या आत दाब काढावा लागतो, आणि जेवढं लवकर तेवढं बरं. पाऊल पडायला लागलं, चवड्यावर किंवा टाचेवर उभं राहवेना, तर तोही थांबण्याचा विषय नाही. आणि कमरेसोबत ताप, वजन घटणं, रात्री झोपूनही वाढणारं दुखणं असेल तर गादीचा विचार बाजूला ठेवून आधी क्षयाची आणि इतर तपासणी करून घ्या. आपल्या देशात मणक्याचा क्षय काही दुर्मीळ नाही.

यातलं काही नसेल तर सहसा वेळ असतो. मग तुमचा प्रश्न वेगळा. किती सोसवतंय, रजा किती आहे, घर कशावर चालतं? रोजंदारीवरचा माणूस तीन महिने वाट बघू शकत नाही. त्यानं सहा-आठ आठवड्यांनी ऑपरेशन करून घेतलं तर तो घाबरट नाही, शहाणा आहे. ऑपरेशन म्हणजे अपंगत्व, हा समज आमच्या गावात अजून आहे, तो काढून टाका. फक्त ऑपरेशन कशासाठी हे नीट विचारा. ते पायाच्या कळेवर चांगलं चालतं. नुसती कंबर दुखते, पाय ठीक आहे, अशा माणसाला त्याचा भरवसा कमी. स्क्रू घालून मणके जोडायचं सांगितलं तर विचारा, माझे मणके एकमेकांवरून सरकतात का? सरकत असतील तर जोडणं रास्त. नुसत्या एका फुटलेल्या गादीला पहिल्या वेळी सहसा स्क्रू लागत नाहीत, आणि जोडलेल्या मणक्यांचा भार वरच्या-खालच्या गाद्यांवर जातो. आम्ही पुलाचा एक सांधा गोठवला तर शेजारचा सांधा ओरडतो, तसंच. काढलेल्या जागेतून पुन्हा गर येऊ शकतो, तेही आधी विचारून ठेवा.

खर्चाचं सांगायचं तर गोव्यात २०१६पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत. आम्हा सरकारी नोकरांना ती नाही, आमची प्रतिपूर्तीची फाइल वेगळी, आणि तिच्यावर बोलायला लागलो तर उद्याची आरती इथेच होईल. कार्ड असेल तर ते चालू आहे का, आणि तुमची शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी विचारा. पूर्वी गोव्यातली माणसं यासाठी मिरज, बेळगाव, मुंबई करायची. आता बांबोळीला गोमेकॉत सोय आहे.

आणि मुंबईचं म्हणाल तर तिथेही मणक्याचं मोठं नाव गोव्याचंच, फोंड्याकडच्या वाडी-तळावलीचे डॉ. प्रेमानंद रामाणी. न्यूकॅसलला शिकून आले, आधी शीवचं रुग्णालय, मग लीलावती. मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच 'ताठ कणा'. पण मला त्यांच्याबद्दल जास्त आवडतं ते हे, की मणके उघडून बघण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस उतारवयात मॅरेथॉन पळायला लागला. ऑपरेशन करा, नका करू, पाठीचे स्नायू कुणी दुसरा येऊन घट्ट करून देत नाही.

परवा माटोळी बांधली आमची. मी शिडीवर होतो. भाई खाली खुर्चीत बसून एकेक फळ निवडून हातात देत होता, आणि नारळांचा घड आला तेव्हा त्यानं तो भाच्याकडे दिला, मला दिला नाही.

माझी वेळ संपली. जेवणानंतर कुणाला विचारायचं असेल तर विचारा, पण फिल्म दाखवू नका, आधी टाचांवर चालून दाखवा.

गणपती बाप्पा मोरया!